तपकिरीची डबी आणि क्ष-किरण

पावसाळ्यात घाटकोपर स्टेशनच्या ओल्या जिन्यावर पाय घसरला, की माणूस नकळत तळहात पुढे टेकतो. बोरिवलीच्या मैदानावर झेल घेताना पडणारा मुलगाही तेच करतो. शरीराचा सारा भार मनगटावर येतो. मग प्रश्न पडतो : मनगट नुसते मुरगळले, की हाड मोडले?

हा प्रश्न जुना आहे. पूर्वी अशा दुखापतीत सांधा निखळला, असेच बहुधा समजत. १८१४ मध्ये डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी दाखवून दिले, की पुष्कळदा सांध्याच्या दीडएक इंच वर अंगठ्याच्या बाजूचे हाड, म्हणजे रेडियस, मोडलेले असते. हात ओढून धरला की बाक नाहीसा होतो, सोडताच पुन्हा दिसतो, ही त्यांची खूण. विच्छेदनाची संधी न मिळताही त्यांनी हे ओळखले.

पुढे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. आता चाचपण्याची गरज संपली, असे कोणालाही वाटेल. पण मनगटातील आठ लहान हाडांपैकी नावेच्या आकाराचे स्कॅफॉइड फसवे निघाले. त्यातली बारीक चीर पहिल्या चित्रात दिसेलच असे नाही.

इथे बोटे मदतीला येतात. अंगठा ताणून पाहा. त्याच्या मुळाशी दोन शिरांसारख्या स्नायुबंधांमध्ये खळगा पडतो. पूर्वी लोक तिथे तपकीर ठेवून ओढत, म्हणून शरीरशास्त्रातही त्याचे नाव 'तपकिरीची डबी' असेच पडले. पडल्यानंतर तिथे दाबून दुखले, तर स्कॅफॉइडचा संशय घ्यावा लागतो. दुखणे म्हणजे मोडणे नव्हे. पण अशा वेळी डॉक्टर हात आधारात बांधून ठेवतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढतात. तोवर चीर बहुधा स्पष्ट होते. एमआरआयमध्ये ती आधीच दिसू शकते.

एवढी काळजी कशासाठी? या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळते. ते मोडले, की मागचा तुकडा उपाशी पडू शकतो. हाड जुळत नाही आणि काही वर्षांनी सांधा झिजतो.

लहान मुलांत स्कॅफॉइड क्वचित मोडते; त्यांचे रेडियस ओल्या फांदीसारखे वाकून तडकते. मोठ्या विद्यार्थ्यांचे मनगट मात्र चित्र 'नॉर्मल' आल्यावरही दुखत राहिले, तर आपण त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे पाठवावे.