चौकटीबाहेरचा यजमान

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

लांबच्या प्रवासाचे जुने फोटो पाहताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. फोटोत प्रवासी दिसतो, त्याची सायकल दिसते, मागचा डोंगर दिसतो. पण आदल्या रात्री ज्या घरानं त्याला भाकर दिली, ओसरीवर अंथरूण टाकून दिलं, ते घर कुठं गेलं? प्रवासाचा इतिहास आपण प्रवाशाच्या नावानं लिहितो. तो यजमानाच्या नावानं लिहायचा म्हटला, तर पुरावे कुठं शोधायचे?

आमच्या वऱ्हाडातूनच सुरुवात करतो. मद्रास सैन्यातला अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आला. त्यानं रंगवलेली बहुतेक चित्रं पुढं, १८६६ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाली. मधल्या काळात त्यानं कॅमेरा हाती घेतला होता. १८६४ मध्ये त्याच्या छायाचित्रांची पुस्तकं निघाली. आज बुलढाणा जिल्ह्यात असलेल्या लोणारची मंदिरं आणि रोहिणखेडची मशीद त्यानं टिपून ठेवली.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे खिशातून कॅमेरा काढून कळ दाबणं नव्हे. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, काच ओली असतानाच चित्र घ्यायचं आणि ती सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. म्हणजे काचा, बाटल्या, तिवई, तंबू आणि भरपूर स्वच्छ पाणी, सगळं जागेवर हवं. गाडीवान, हमाल आणि पाणी आणून देणारा गावकरी यांच्यावाचून असल्या कामाला हात घालणंच कठीण. त्या काळच्या छायाचित्रकारांची आणखी एक रीत होती. देवळाची उंची लक्षात यावी म्हणून खांबाजवळ एखादा स्थानिक माणूस उभा करायचा. इमारतीचं नाव चित्राखाली छापलं जाई. त्या माणसाचं नाव बहुधा कुणी लिहीत नसे. तो तिथं मोजपट्टी म्हणून उभा असे.

नंतर कॅमेरा हलका होत गेला. १८८८ मध्ये कोडॅकचा गुंडाळीच्या फिल्मचा कॅमेरा आला, १९१२ मध्ये कोटाच्या खिशात मावणारा आला. आता माणूस एकटा निघू शकत होता, आणि निघालाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला बाहेर पडले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं सुमारे ७१ हजार किलोमीटर फिरून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईला परतले. बलुचिस्तान, इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असा तो फेरा होता. बगदादहून अलेप्पोकडे जाणारं वाळवंट त्यांनी तेवीस दिवसांत ओलांडलं. १९३१ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, त्याला पंडित नेहरूंची प्रस्तावना आहे. त्यांच्यानंतर फ्रामरोज दावर १९२४ मध्ये निघाला. केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ १९३३ ते १९४२ फिरत राहिले.

या सायकलवीरांचे फोटो रुबाबदार आहेत. पण वाळवंटातले तेवीस दिवस नुसत्या पायांच्या ताकदीवर जात नाहीत. कुणाच्या तरी विहिरीचं पाणी प्यावं लागतं, कुणाला तरी वाट विचारावी लागते. कॅमेरा हलका झाला आणि सामान वाहणारा हमाल गेला, पण पाणी देणारा माणूस काही सुटला नाही.

ही गोष्ट सर्वांत चांगली ओळखली ती विनोबांनी. १९५१ पासून पुढची तेरा वर्षं ते भूदानासाठी पायी हिंडले, गावोगावच्या लोकांच्या भरवशावर. त्यांच्या चळवळीतले दोन तरुण, सतीशकुमार आणि ई. पी. मेनन, १९६२ मध्ये अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टनच्या यात्रेला निघाले. विनोबांनी त्यांना सांगितलं, पैसे बरोबर नेऊ नका. पुढं पाकिस्तानच्या सीमेवर मित्रांनी शिदोरी देऊ केली, तीही त्यांनी परत केली. शिदोरी जवळ असली की आपण परक्याच्या दारात जात नाही, हा त्यामागचा विचार. सोव्हिएत देशात चहाच्या कारखान्यातल्या बायांनी त्यांना चार पुड्या दिल्या, अण्वस्त्रं बाळगणाऱ्या चार देशांच्या प्रमुखांसाठी. बॉम्बची कळ दाबायचं मनात आलं तर आधी थांबा आणि चहा घ्या, असा निरोप होता.

पाहुण्याचा हा हक्क आपल्याकडं जुना आहे. इस्लाममध्ये जकात कुणाला द्यावी याचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यात एक आहे इब्नुस्सबील. शब्दशः अर्थ रस्त्याचा मुलगा, म्हणजे वाटसरू. घरी तो श्रीमंत असला तरी वाटेत अडला की त्याचा वाटा ठरलेला. आणि याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी १९०५ मध्ये घर सोडलं ते आयुष्यभर चालत राहिले, पण परक्यांसाठी धर्मशाळा बांधून गेले. पंढरपूरला इतर ठिकाणी ज्यांना थारा मिळत नव्हता त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी, वाटेतच त्यांनी देह ठेवला.

आमचं नांदगाव पेठ मुंबई-कलकत्ता महामार्गावर आहे, अमरावतीहून नागपूरकडं निघालं की थोड्याच अंतरावर. पूर्वी त्याला सहा नंबरचा रस्ता म्हणत, आता तो त्रेपन्न झाला. माझ्या लहानपणी सायकलवर पाटी लावून भारतभ्रमणाला निघालेली पोरं इथून जात. त्यांच्याजवळ एक वही असे, तीत सरपंचाची सही आणि शिक्का घेत.

मी दहावीत असताना, १९८६ च्या पावसाळ्यात, असा एक बंगाली मुलगा आमच्या घरी दोन रात्री राहिला. निघताना त्यानं कॅमेरा काढला. रिळात थोडेच फोटो उरले होते. त्याला अम्मीचा फोटो हवा होता. अम्मीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "मेरा काहे को बेटा, रोटी का निकाल." त्यानं ऐकलं. तीन-चार महिन्यांनी पोस्टमननं लिफाफा आणून दिला. फोटोत चूल आहे, तवा आहे, तव्यावर ज्वारीची भाकर आहे आणि ती उलटणारा बांगड्यांचा हात आहे. मागं इंग्रजीत लिहिलं होतं : मदर, नांदगाव पेठ, जुलै १९८६. नाव त्यानं विचारलं नव्हतं, पण गाव आणि महिना लिहायला तो विसरला नाही. अम्मी आता नाही. मतदार ओळखपत्रावरचा धुरकट चेहरा सोडला, तर आमच्याकडं तिचा तेवढा हातच आहे.

फोटो पाठवतो म्हणून गेलेले पुष्कळ. पाठवणारे थोडे. आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे आणि पाठवायला टपालखर्चही लागत नाही. तरी लमाण तांड्यावर, मेळघाटातल्या कोरकू पाड्यावर जाऊन आलेल्यांना त्या चित्रातल्या बाईचं नाव विचारा, ते सांगता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी खांबाजवळ उभा केलेला तो माणूस अजून तिथंच उभा आहे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. फोटो काढण्याआधी विचारावं. काढल्यावर नाव, गाव, तारीख लिहून ठेवावी. आणि एक प्रत त्या घरी पोहोचवावी. उद्या कुणाला या मुलखातल्या माणुसकीचा इतिहास लिहायचा झाला, तर त्याला तेवढाच पुरावा मिळेल. आमच्या शेजारच्या तिवसा तालुक्यातल्या कौंडण्यपूरहून दरवर्षी रुक्मिणीची पालखी पायी पंढरपूरला निघते. पताका आणि टाळ यांचे फोटो अवश्य काढा. मग जरा मागं वळा. रस्त्याच्या कडेला कुणीतरी पाण्याची घागर घेऊन उभं असेल. आधी त्याचं नाव विचारा.