झाडीमंडळातील लीनतेची साधना

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील सुकडी डाकराम हे गाव महानुभाव पंथाच्या अनुयायांना तीर्थस्थान म्हणून परिचित असून, पंथप्रवर्तक श्रीचक्रधरस्वामींच्या तेराव्या शतकातील वास्तव्याची स्मृती तेथील मंदिराने आणि दरवर्षी भरणाऱ्या यात्रेने जपली आहे. 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. मात्र वैनगंगेच्या खोऱ्यातील हा सारा प्रदेश त्यापूर्वी कित्येक शतके ‘झाडी’ किंवा ‘झाडीमंडळ’, म्हणजे दाट अरण्याचा मुलूख, या नावाने ओळखला जात होता. या मुलखाचा इतिहास सामान्यतः अरण्य, तलाव आणि धानशेती यांच्या अंगाने सांगितला जातो. मराठी भाषकांच्या धर्मजीवनात लीनता, अकिंचनता आणि अनुताप यांना परमेश्वराजवळ नेणाऱ्या साधनेचे जे शिस्तबद्ध रूप मिळाले, त्याच्या आरंभकाळाशीही हा प्रदेश जोडलेला आहे, ही बाब मात्र सहसा दुर्लक्षित राहते.

या साधनेचे स्वरूप समजण्यासाठी पंथाच्या तत्त्वज्ञानाची मांडणी थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. महानुभाव मतानुसार जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांपासून भिन्न व नित्य आहेत. जीव अविद्येने, म्हणजे अनादि अज्ञानाने, बांधलेला आहे. पंथाने मोजलेल्या 81 कोटी 1 लाख 25 हजार 10 देवतांपैकी कोणतीही देवता त्याला मोक्ष देऊ शकत नाही, आणि स्वतःच्या तपाच्या, विद्येच्या किंवा पुण्याच्या बळावर तो परमेश्वरापर्यंत पोहोचू शकत नाही. परमेश्वर कृपाळू होऊन मनुष्यरूपाने अवतरतो, तेव्हाच जीवाला त्याचे ‘सन्निधान’, म्हणजे प्रत्यक्ष सहवास, लाभतो. आपल्या असमर्थतेची ही जाणीव पंथाने निराशा मानली नाही. जो स्वतःला परिपूर्ण समजतो त्याला कृपेची गरजच भासत नाही, म्हणून ही जाणीव पंथाने साधनेची पहिली पायरी ठरवली.

महत्त्वाची गोष्ट अशी की या परंपरेत लीनतेचा आरंभ भक्तापासून होत नाही, तो परमेश्वरापासून होतो. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर या पाच अवतारांना पंथ ‘पंचकृष्ण’ म्हणतो. यांपैकी चांगदेव राऊळ द्वारावतीत, म्हणजे द्वारकेत, खराट्याने रस्ते झाडीत, जमलेला केर सुपात भरून गोमतीत टाकीत आणि त्याच खराट्याच्या किंवा सुपाच्या स्पर्शाने अधिकारी जनांना विद्या देत, असे परंपरा सांगते. रिद्धपूरचे गोविंदप्रभू लोकांना वेडसर वाटावेत असे वागत; अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या घरी जाऊन ते अन्न ग्रहण करीत, आणि सामान्य गावकरी त्यांना आईबापाच्या ठिकाणी मानत. केर काढणारा आणि वेडा म्हणून हिणवला जाणारा, अशा दोन रूपांत परमेश्वर पाहणाऱ्या पंथाला लीनता ही दुर्बलांची अगतिकता वाटणे शक्यच नव्हते.

चक्रधरांच्या पूर्वायुष्यातही प्रतिष्ठेच्या ओसरण्याला असेच स्थान आहे. गुजरातेतील भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरपाळ म्हणून ते ऐश्वर्यात वाढले. परंतु द्यूतातील हार आणि पैशासाठी पत्नीने दिलेला नकार यांतून संसाराविषयीची त्यांची विरक्ती दृढ झाली, असे चरित्रपरंपरा सांगते. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते निघाले आणि रिद्धपुरास गोविंदप्रभूंची भेट होऊन तेथून सर्वसंगपरित्यागी झाले. सालबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे काढल्यानंतर त्यांनी जे एकाकी भ्रमण केले, त्या कालखंडाला ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ ‘एकांक’ म्हणतो. झाडीमंडळाशी त्यांचा संबंध याच काळातला आहे. डाकरामच्या परिसराशी वाघाची एक लीळा जोडली जाते. तिचा आशय असा की ज्याच्याजवळ शस्त्र नाही, सोबत नाही आणि कोणावर सत्ता चालवण्याची इच्छाही नाही, त्याला अरण्याचे भय उरत नाही. भंडाऱ्याचे निळभट्ट, जे पंथात ‘भांडारेकार’ या गावाच्या नावानेच ओळखले जातात, ते याच भ्रमणकाळात स्वामींना अनुसरले. ‘अनुसरणे’ याचा पंथातील अर्थ घरदार, नातेवाईक आणि मानमरातब सोडून परमेश्वराच्या मागे जाणे असा आहे. त्यामुळे पंथाच्या आद्य अनुयायांत झाडीच्या या रहिवाशाची गणना होणे, हे या भूमीच्या इतिहासात नोंदण्याजोगे आहे.

चक्रधरांनी अनुयायांसाठी सांगितलेला आचारधर्म पुढे केशिराजबास यांनी ‘सूत्रपाठ’ या ग्रंथात संकलित केला. त्यातील ‘अटन’ म्हणजे एका जागी न गुंतता फिरत राहणे, ‘विजन’ म्हणजे निर्जन स्थळी बसून नामस्मरण करणे आणि ‘भिक्षा’ म्हणजे घरांची व चवीची निवड न करता मिळेल त्या अन्नावर निर्वाह करणे होय. या तिन्ही आचारांचा रोख अहंकाराच्या आधारांवर आहे: अटनाने गावाचा व मठाचा आधार सुटतो, विजनाने लोकांच्या कौतुकाचा सुटतो, आणि भिक्षेने जातीचा व कुळाचा सुटतो. ज्याच्या दारात एरवी पाऊल पडले नसते त्याच्यापुढे हात पसरताना साधकाच्या मनातील श्रेष्ठत्वाची भावना कोसळते, आणि हे कोसळणे पंथाला अभिप्रेतच होते. याच तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, 1226 मध्ये निवर्तलेल्या असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी इटलीत भिक्षा आणि अकिंचनता यांचाच अंगीकार केला होता. परस्परांशी कोणताही संपर्क नसलेल्या दोन भूमींनी एकाच काळात हाच मार्ग निवडला, यावरून त्या मार्गामागील मानवी गरजेची खोली ध्यानात येते.

विद्वत्तेचा अभिमान हा या मार्गातील सर्वांत चिवट अडसर मानला गेला. म्हाइंभट हे शास्त्रनिष्णात पंडित वादाच्या ईर्ष्येने चक्रधरांकडे आले आणि आपल्या ज्ञानाचे रितेपण उमगून शिष्य झाले. परंपरेनुसार 1274 मध्ये स्वामी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेच्या वाटेने, निघून गेल्यावर याच म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी जे पाहिले व ऐकले ते त्यांच्याकडून टिपून घेऊन लीळाचरित्र सिद्ध केले. मराठीतील हा आद्य चरित्रग्रंथ पंडिताने लिहिलेला असूनही त्यात पांडित्याचे प्रदर्शन नाही. लेखक मागे राहतो आणि बाया-बापड्यांच्या तोंडचे साधे बोल पुढे येतात. पंथाचे आचार्य नागदेव यांनीही संस्कृतचा आग्रह नाकारला, कारण त्यामुळे स्वामींचा उपदेश सामान्य वृद्ध स्त्रियांना दुरावला असता. लीनतेचे तत्त्व अशा रीतीने व्यक्तीच्या आचरणापुरते न राहता ग्रंथरचनेचे आणि भाषेचे धोरण बनले.

स्वामींच्या प्रयाणानंतरच्या काळाला पंथ ‘असन्निधान’, म्हणजे प्रत्यक्ष सहवासाचा अभाव, असे म्हणतो. या अवस्थेत भक्ताला उरतो तो विरह, आपल्या उणिवांचा अनुताप आणि परमेश्वराच्या लीळांचे स्मरण. अवतारांच्या चरणस्पर्शाने पवित्र झालेल्या जागांची तपशीलवार नोंद ‘स्थानपोथी’ या ग्रंथात झाली. अशा जागांवर ‘ओटे’ बांधले गेले आणि त्यांवर मस्तक टेकवणे हा उपासनेचा भाग झाला. ओट्यावर सहसा मूर्ती नसते. तेथे परमेश्वर बसला, उठला किंवा जेवला, एवढीच त्याची महती असते. जो आता समोर नाही त्याच्या बसण्याच्या जागेपुढे नमणारा भक्त आपल्या विरहाची कबुली देतो, आणि महानुभाव विचारानुसार ही कबुलीच त्याला पुढील सन्निधानाची योग्यता देते.

लीनतेच्या नावाखाली दुसऱ्याला दडपण्याचे प्रकार इतिहासात सर्वत्र झाले आहेत, म्हणून या परंपरेचा विशेष स्पष्टपणे सांगितला पाहिजे. चक्रधरांनी शूद्रांना व स्त्रियांना संन्यासाचा आणि मोक्षाचा समान अधिकार दिला. महदाइसेसारखी जिज्ञासू स्त्री त्यांना प्रश्न विचारीत राहिली आणि मराठीची आद्य कवयित्री ठरली. लीन व्हायचे ते परमेश्वरापुढे, आणि सोडायचा तो स्वतःचा अभिमान. माणसाने माणसापुढे हीन व्हावे असा याचा अर्थ नव्हता. गोंदिया जिल्ह्याच्या इतिहासलेखनाने सुकडी डाकरामची नोंद केवळ यात्रास्थळ म्हणून न करता, मराठी धर्मविचाराच्या आणि मराठी गद्याच्या आरंभाशी झाडीमंडळाचे नाते सांगणारे स्थळ म्हणून करावी, आणि तेथे जाणाऱ्या प्रत्येकाने लीळाचरित्रातील एकांकाची पाने एकदा तरी वाचावीत.