नदीचे दप्तर

इतिहास म्हटला की सनदा, ताम्रपट आणि शिलालेख डोळ्यांपुढे येतात. सीमाभागातील माणसाला कागदाचे मोल तर सांगायलाच नको! परंतु आपल्या बेळगाव जिल्ह्याचे एक फार जुने दप्तर कोणत्याही कचेरीत नाही. ते नदीकाठच्या गाळात आहे.

भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे रॉबर्ट ब्रूस फूट यांना गोकाकजवळ घटप्रभेच्या खोऱ्यात, मातीच्या थरात गेंड्याची हाडे सापडली. १८७४ साली त्यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध करून त्या जातीला दख्खनचे नाव दिले. आज जिथे ऊस डोलतो, तिथे एके काळी गेंडा चरत होता!

हे दप्तर लिहिले कसे गेले? उतारावर पाण्याला वेग असतो. ते खडक झिजवते, गोटे लोटते, माती उचलते. सपाटीवर वेग मंदावला की आधी गोटे, मग वाळू आणि शेवटी बारीक गाळ खाली बसतो. वळणावर नदी बाहेरचा काठ कापते आणि आतल्या काठाला मळई घालते. एकाचे शेत जाते, दुसऱ्याचे वाढते.

गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली झेपावते. ज्या वालुकाश्माला ती तिथे झिजवते, तोही शंभर कोटी वर्षांहून जुन्या वाळूचाच थर. म्हणजे जुने दप्तर फोडून नदी नवे लिहिते आहे!

निपाणीकडची वेदगंगा भुदरगडच्या डोंगरातली माती घेऊन येते. १९५६ साली नकाशावर रेघ ओढली गेली; गाळाने ती कधी मानली नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत यमगर्णीजवळ महामार्ग बंद पडला, तो याच नदीच्या पाण्याने.

वाळू आणि विटांच्या मातीसाठी काठ खणले जातात, तेव्हा मात्र माझ्यातला इतिहासाचा शिक्षक अस्वस्थ होतो. थरांचा क्रम हाच या दप्तरातील तारखांचा आधार. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, दरडीत हाड किंवा घडवलेला दगड दिसला तर उपसू नका. जागा लक्षात ठेवून शाळेत कळवा. थरातले हाड काळ सांगते. उपसून घरी आणलेले हाड नुसते हाडच उरते.