गर्दीवाचक बोलीशब्द

जागा माणसांनी भरल्याचे सांगणारे बोलीतले शब्द. ब्रिटनमध्ये 'रॅम्ड', आयर्लंडमध्ये 'जॅमर्स' म्हणतात. मराठीत मात्र गर्दीच्या प्रकारानुसार शब्द बदलतो, आणि हीच या शब्दसंपत्तीची खरी श्रीमंती आहे.

उदाहरणार्थ, गोदावरीकाठचे पुणतांबा (ता. राहाता, जि. अहिल्यानगर) हे चांगदेवांच्या समाधीचे गाव. दौंड-मनमाड लोहमार्गावरील या स्थानकातून साईनगर शिर्डीचा फाटा फुटतो. अशा ठिकाणी दर्शनाला लागते ती 'रीघ'. ती हलती असते, तुटत नाही. रेल्वेडब्याच्या दारात उडते ती 'झुंबड'. तिथे प्रत्येकाला आधी शिरायचे असते. मागचा पुढच्याला ढकलू लागला की 'रेटारेटी'. डबा 'खच्चून' किंवा 'खचाखच' भरतो, तर सभेचे मैदान 'तुडुंब'. बाजारात 'मुंगीला शिरायला जागा नसते'. 'तोबा गर्दी'तला तोबा अरबीतून आला. मूळ अर्थ पश्चात्ताप. नाटक-सिनेमाच्या पाटीवरचा 'हाऊसफुल्ल' आता एसटीलाही लागतो. १ जून २०१७ रोजी पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला. अशा आंदोलनांत जमणाऱ्या गर्दीला वृत्तपत्रे 'जनसागर' म्हणतात. हा शब्द छापील, बोलण्यात क्वचितच येतो.

'चेंगराचेंगरी' मात्र वेगळी. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवी यात्रेत चेंगराचेंगरीसह झालेल्या दुर्घटनेत सुमारे ३०० भाविक दगावले. नुसत्या दाटीसाठी हा शब्द वापरू नये.