एचआयव्हीची गोळी रोज चालू आहे, पण ‘हिपॅटायटिस सी’ तपासलंत का?

खारेपाटण : एचआयव्हीची औषधं वेळेवर घेणारा माणूस आज व्यवस्थित जगतो. मुंबईत नोकरी करतो, गणपतीला गावी येतो, लावणीला चिखलात उतरतो. औषधांनी एचआयव्ही इतका दबतो की रक्ताच्या तपासणीत दिसतही नाही. पण त्याच रक्तात दुसरा एक विषाणू गुपचूप यकृत पोखरत असू शकतो. तो म्हणजे हिपॅटायटिस सी. एचआयव्ही असलेल्या समलिंगी पुरुषांना, तसंच पुरुष आणि बाई दोघांशी संबंध ठेवणाऱ्या उभयलैंगिक पुरुषांना त्याचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे.

यात चांगली गोष्ट अशी की एचआयव्ही आयुष्यभर सांभाळावा लागतो, पण हिपॅटायटिस सी साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. फक्त तपासणी मागून घ्यायला हवी.

हिपॅटायटिस सी म्हणजे काय?

हा यकृताचा आजार. विषाणूचा शोध १९८९ मध्ये लागला आणि त्या कामासाठी २०२० चं नोबेल पारितोषिक तीन शास्त्रज्ञांना मिळालं. हा विषाणू मुख्यतः रक्तातून रक्तात जातो. वापरलेली सुई, नीट न उकळलेली उपकरणं, न तपासलेलं रक्त या त्याच्या नेहमीच्या वाटा आहेत. जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेणं किंवा दुसऱ्याचं दाढीचं ब्लेड वापरणं हेही टाळायला हवं.

लागण झाल्यावर बहुतेकांना काहीच जाणवत नाही. डोळे पिवळे होतीलच असं नाही. म्हणून “मला कधी कावीळ झाली नाही, म्हणजे काही नाही” हा हिशोब इथे चालत नाही. दहातल्या साधारण तिघांच्या अंगातून विषाणू सहा महिन्यांत आपोआप जातो. उरलेल्या सात जणांत तो ठाण मांडतो. वीसेक वर्षांत त्यातल्या काहींचं यकृत आकसून कडक होतं, पोटात पाणी होतं, काहींना कॅन्सर होतो.

या पुरुषांनाच धोका जास्त का?

साल २००० च्या सुमारास लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम अशा शहरांत डॉक्टरांना एक वेगळी गोष्ट दिसू लागली. कधीही नशेची सुई न टोचलेल्या, पण एचआयव्ही असलेल्या समलिंगी पुरुषांत हिपॅटायटिस सीची नवी लागण वाढत होती. ती शरीरसंबंधातून होत होती. स्त्री-पुरुष संबंधात हा विषाणू सहसा पसरत नाही. गुदमार्गाच्या संबंधात मात्र आतली नाजूक त्वचा फाटते, डोळ्याला न दिसणारं रक्त येतं आणि विषाणूला वाट मिळते. तो वीर्यात आणि गुदमार्गाच्या स्रावातही सापडला आहे.

धोका वाढवणाऱ्या गोष्टी अशा :

• कंडोमशिवाय गुदमार्गाचा संबंध, विशेषतः अनेक जण एकत्र असताना.
• वंगणाचा एकच डबा किंवा एकच साधन सगळ्यांनी वापरणं.
• सिफिलिससारखा दुसरा गुप्तरोग. त्याच्या जखमेतून विषाणू लवकर शिरतो.
• संबंधाच्या वेळी ‘एमडी’सारखी नशा. टोचून घेतली तर सुईचा धोका. नाकाने ओढताना एकच नळी किंवा नोट फिरवली तर तीही धोक्याची.

एक मुद्दा नीट समजून घ्यावा. एचआयव्ही पूर्ण दबलेला असेल तर तो शरीरसंबंधातून जोडीदाराला लागत नाही, हे खरं आहे. म्हणून काही जण कंडोम सोडतात. पण एचआयव्हीची औषधं हिपॅटायटिस सीला अडवत नाहीत. एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची ‘प्रेप’ गोळीही अडवत नाही. हिपॅटायटिस बीची लस आहे, सीची लस अजून नाही.

दोन्ही एकत्र असले तर?

एचआयव्हीसोबत असताना हिपॅटायटिस सी आपोआप जाण्याची शक्यता कमी होते आणि यकृत लवकर खराब होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे २३ लाख लोकांना दोन्ही लागण आहेत. त्यात निम्म्याहून जास्त नशेची सुई टोचणारे आहेत. दारू असेल तर यकृतावर तिसरा भार पडतो.

तपासणी कोणती?

पहिली तपासणी अँटीबॉडीची. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात आला होता एवढंच कळतं. तो आता आहे का, हे दुसऱ्या, आरएनए म्हणजे व्हायरल लोडच्या तपासणीत कळतं. उपचार त्यावर ठरतात.

नुकतीच लागण झाली असेल किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर पहिली तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. अशा वेळी डॉक्टरांकडे आरएनए तपासणीबद्दल विचारावं. वरचे धोके असतील तर वर्षातून एकदा तरी तपासणी करावी. एकदा बरं झालेल्यांनाही पुन्हा लागण होऊ शकते. त्यांची अँटीबॉडी कायम पॉझिटिव्ह राहते, म्हणून त्यांना आरएनए तपासणीच करावी लागते.

उपचार कसे?

सोफोसबुविर हे औषध अमेरिकेत २०१३ च्या अखेरीस आलं तेव्हा एका गोळीची किंमत १,००० डॉलर होती. पुढे भारतीय कंपन्या ते बनवू लागल्या आणि किंमत उतरली. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात हे औषध मोफत मिळतं.

यकृत फार बिघडलेलं नसेल तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या गोळ्या १२ आठवडे घ्यायच्या. शंभरातले ९० हून जास्त रुग्ण बरे होतात, एचआयव्ही असला तरी. औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासणी होते. त्यात विषाणू नसेल तर आजार गेला.

डॉक्टरांना दोन गोष्टी सांगायच्याच. एक, एचआयव्हीची कोणती गोळी चालू आहे, कारण एफाविरेन्झसारख्या औषधासोबत डॅक्लाटासविरचा डोस बदलावा लागतो. दुसरी, टीबीचं औषध चालू आहे का, कारण रिफाम्पिसिनसोबत या गोळ्या देत नाहीत. सीचा उपचार चालू असताना हिपॅटायटिस बी उसळू शकतो, म्हणून बीची तपासणीही आधी होते. काविळीचा झाडपाला किंवा माळ याने हा विषाणू जात नाही, उलट महिने वाया जातात.

उपचाराचा फायदा दुसऱ्यांनाही होतो. नेदरलँड्समध्ये २०१५ मध्ये नवी औषधं सगळ्यांना खुली झाली. एचआयव्ही असलेल्या समलिंगी पुरुषांतली नवी लागण २०१४ च्या तुलनेत २०१६ मध्ये निम्म्यावर आली.

कुठे जायचं?

एचआयव्हीची औषधं ज्या एआरटी केंद्रातून मिळतात तिथेच पहिल्यांदा विचारावं. कार्यक्रमाची उपचार केंद्रं जिल्हा रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांत असतात. आपल्याकडच्यांनी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. मुंबईत नोंद असलेल्या चाकरमान्यांनी तिथल्याच केंद्रात तपासणी करून घेतली तरी चालते. मुंबईची हमसफर ट्रस्ट १९९४ पासून, तर पुण्याचा समपथिक ट्रस्ट २००२ पासून या समाजासाठी काम करतो. १०९७ हा सरकारी हेल्पलाइन नंबर मोफत आहे.

गावात कळलं तर?

खरी अडचण हीच आहे. कोण कोणाच्या गाडीवर ओरोसला गेला हे संध्याकाळपर्यंत तिठ्यावर कळतं. बरेच जण लग्न झालेले, घरी काही माहीत नाही. म्हणून तपासणी राहते आणि आजार आत वाढतो. पण ‘हिपॅटायटिस सीची तपासणी करायची आहे’ एवढं एक वाक्य पुरतं. एचआयव्ही असणं हेच तपासणीला पुरेसं कारण आहे. आपण कोणाशी संबंध ठेवतो हे सांगितलं तर डॉक्टरांना सल्ला देणं सोपं जातं, पण ते सांगितल्याशिवायही तपासणी मागता येते.

कायदाही बाजूने आहे. एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माणसाच्या संमतीशिवाय त्याची एचआयव्हीची माहिती उघड करता येत नाही आणि उपचार नाकारता येत नाहीत. त्याच महिन्यात, ६ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावं?

एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एकच संडास वापरल्याने हा आजार लागत नाही. ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि नखं कापायचं साधन तेवढं वेगळं ठेवावं. लग्न झालेल्या पुरुषाने उपचार सुरू करताना बायकोचीही तपासणी करून घ्यावी. आणि आजारी माणसाला टोमणे मारले तर तो पुढच्या तारखेला औषध आणायला जात नाही, एवढं ध्यानात असू द्यावं.