स्कायरिम : वंश व राजकारण

‘द एल्डर स्क्रोल्स ५ : स्कायरिम’ (बेथेस्डा, २०११) या अद्भुतरम्य व्हिडिओ गेममधील यादवी युद्धाचा वास्तवातील वंशवाद, राष्ट्रवाद व निर्वासितांचे प्रश्न यांच्या आधारे लावला जाणारा अर्थ.

खेळात स्कायरिम प्रांतातल्या नॉर्ड या मूळच्या मानववंशाचा सरदार उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक साम्राज्याविरुद्ध बंड करतो. थॅल्मोर या एल्फ सत्ताधाऱ्यांशी साम्राज्याने केलेल्या तहाने टॅलोस या दैवताच्या पूजेवर बंदी आली, हे त्याचे गाऱ्हाणे रास्त आहे. पण त्याच्या विंडहेल्म शहरात डनमर (गडद वर्णाचे एल्फ) निर्वासित ‘ग्रे क्वार्टर’ या कळकट वस्तीत राहतात आणि सरड्यासारख्या आर्गोनियनांना तटाबाहेर, धक्क्यावरच थांबावे लागते. त्यामुळे अनेकांना हे बंड आजच्या ‘भूमिपुत्र’वादी राजकारणाचा आरसा वाटते. दुसरीकडे, काही खेळाडू त्यात केवळ परकीय दडपशाहीविरुद्धचा लढा पाहतात.

दोन्ही बाजूंना खेळ अडचणीत आणतो. मालिकेच्या ‘मॉरोविंड’ (२००२) या आधीच्या भागात याच डनमरांनी आर्गोनियन व मांजरासारखे खजीट गुलाम बाळगलेले दिसतात. साम्राज्यही काही सोज्वळ नाही. खेळ सुरू होतो तोच यादीत नाव नसलेल्या कैद्याला ते वधस्तंभाकडे नेत असताना. थॅल्मोर एल्फांचा वर्चस्ववाद तर उघडच. त्यामुळे एकेका जमातीला खऱ्या समाजाचे नाव चिकटवणे फसते.

अधिक गंभीर आक्षेप कथेवर नसून नियमांवर आहे. नॉर्डला जन्मतःच थंडीपासून ५० टक्के संरक्षण मिळते, तर हाय एल्फला जादूची जास्त शक्ती. पात्रे वंशभेदाबद्दल वाद घालतात. खेळाचे गणित मात्र तो आधीच मान्य करून बसलेले असते.