माळेगाव आणि सीमेवरचे सूर
ॲरिझोनातील ट्यूसनच्या 'कॅलेक्सिको' या मंडळींनी रॉक संगीताशी मेक्सिकोच्या मारिआचीचे ट्रम्पेट जोडले. सीमेवर असे घडावयाचेच. आमचा नांदेड जिल्हाही तेलंगण-कर्नाटकाच्या शिवेवरचा. लोह्याजवळच्या माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते; वाघ्याची दिमडी, मुरळीची घाटी आणि तुणतुणे यांचा गजर उठतो. हाच देव कर्नाटकात मैलार, तेलंगणात मल्लण्णा! तिकडे गोरव डमरू वाजवितात, ओग्गू कथेतही डमरूच घुमतो.

१९५६ साली हैदराबाद राज्य भाषेनुसार विभागले गेले. झाले ते योग्यच. परंतु त्यानंतर शेजारचे मल्लण्णाचे कथागीत आम्हांस परके वाटू लागले, असे आमचे मत आहे. ओग्गू कथेकऱ्यांस माळेगावी एक रात्र द्यावी.